दोरीवरचा टॉवेल

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या आठवड्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाच्या स्टेटसला तीच बातमी होती. मीही ठेवली होती. त्याच आठवड्यात एका दुपारी वरच्या वाडीतली आजी एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात काठी अशी पायरी चढून आली, बाकड्यावर बसली, दम घेतला आणि मालवणीत म्हणाली, "बाय, झिलाक चार अक्षरां लिवन् धाड गो."

तिचा झील, म्हणजे मुलगा, डोंबिवलीला असतो. "फोनच कर ना आजी," म्हटलं तर म्हणाली, "फोनार बोलूक गेलंय की सगळा इसारतंय." तो कामावर असतो, "मगे करतंय" म्हणून ठेवून देतो. लिहिलेलं असलं तर रात्री घरी जाताना गाडीत वाचेल, असा तिचा हिशोब. मी फोन घेतला आणि ती सांगू लागली. नजर माझ्याकडे नव्हती, समोरच्या रस्त्याकडे होती, जणू तो तिथेच उभा आहे.

"झिला, माका बरा आसा. गाय व्याली, पाडी झाली. खरवस केलंय, तो शेजारच्या पोरांनी खाल्ल्यानी. तुझी वाटणी काढून ठेवलंय, ती मी कोणाक देवचंय नाय. चतुर्थीक इलंस तेव्हा तुझो टॉवेल पडवेत दोरयेर रवलो. तो मी अजून काढूक नाय. येताजाता माका वाटता, तू न्हाणयेत आसस."

मी टाइप केलं ते असं: "चिरंजीवास अनेक आशीर्वाद. मी येथे खुशाल आहे, काळजी नसावी. आपली गाय व्यायली असून पाडी झाली आहे. तुझी फार आठवण येते. सवड मिळताच येऊन जावे. आई."

वाचूनही दाखवलं. "बरा लिवलंस," म्हणाली ती. लिहायचं म्हणजे असंच असतं, असं तिलाही वाटलं असणार.

दहा मिनिटांत तिचा फोन वाजला. स्पीकर चालू करून दिला. पलीकडून झील घाबऱ्या आवाजात विचारत होता, "आवशी, काय झाला? खय आसस तू? ह्या कोणी लिवला?" त्याला वाटलं, आई कुठल्या तरी दवाखान्यात आहे आणि कुणी परक्याने तिच्या फोनवरून कळवलंय. "येऊन जावे" वाचून तो साइटवरून निघायच्या बेतात होता. आजी म्हणत होती, "काय नाय रे, पाडी झाली." त्याला खरं वाटेना. शेवटी मी मध्ये बोलले, सांगितलं की मी लिहिलंय, चूक माझी आहे. आणि मग तिने मला सांगितलेलं सगळं जसंच्या तसं त्याला वाचून दाखवलं, खरवस, वाटणी, दोरीवरचा टॉवेल, न्हाणी.

पलीकडे काहीच आवाज येईना. आजीला वाटलं रेंज गेली. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली. मग तो म्हणाला, "रवांदे. काढू नको तो."

एवढंच. तिने फोन बंद केला, पदराने पुसला आणि मला विचारलं, "किती झाले गो?" मी पैसे घेतले नाहीत.

टॉवेल मी का गाळला, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे आहे. लांब होता म्हणून नाही. एका निरोपात टॉवेलला काय जागा, असं मला वाटलं होतं. "तुझी फार आठवण येते" हे वाक्य मी माझ्या पदरचं घातलं. ते तिने म्हटलंच नव्हतं, तिला म्हणायची गरजच नव्हती.

माझं दुकान सिंधुदुर्गात, परुळ्याच्या बाजाराजवळ आहे. २०१२ पासून चालवते. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅन कार्ड, रेशनचं केवायसी, आंबा-काजूच्या विम्याचे फॉर्म, रेल्वेची तिकिटं. वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चिपीचा विमानतळ झाला, ९ ऑक्टोबर २०२१ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं, तेव्हा सगळा गाव सड्यावर गेला होता. पण माझ्याकडे येणारी माणसं अजून कुडाळ स्टेशनवरूनच ये-जा करतात. गणेश चतुर्थीच्या तिकिटांचं तर शास्त्रच आहे. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं. त्यामुळे २०२५ च्या जूनच्या शेवटी पावसात भिजत माणसं सकाळी पावणेआठला माझ्या शटरपाशी उभी. कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस उलटे मोजलेले. आठ वाजता साइट उघडली की चारपाच मिनिटांत वेटिंग सुरू होतं. त्या चारपाच मिनिटांत माझ्या मागे उभा असलेला माणूस श्वास रोखून धरतो, तो श्वास मला मानेवर कळतो. मुलगी-जावई येणार की नाही ते त्या खिडकीत ठरत असतं.

तर माझं काम हे. लोकांचं म्हणणं चौकटीत बसवायचं. आणि त्यात मी हुशार आहे, कारण मला लहानपणापासून तेच शिकवलं गेलं.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. माहेर कणकवलीकडचं. आजूबाजूला सगळी मालवणी बोलणारी घरं आणि आमच्या घरात मालवणी बोलायची नाही असा नियम. "माका" म्हटलं की "मला" म्हणून घ्यायचे, तोपर्यंत ताटात वाढायचे नाहीत. मला शाळेत निबंधात नेहमी चांगले मार्क. अकरावीत असताना वर्गातल्या एका मुलाने मला वहीच्या पानावर चिठ्ठी लिहिली. सुरुवातीच्या दोन ओळी पुस्तकी होत्या. मग बहुतेक त्याचा धीर सुटला, किंवा धीर आला असेल, आणि पुढचं सगळं मालवणीत होतं. त्यातली एक ओळ मला पाठ आहे: "तू वर्गात इलंस नाय तर माका बरा दिसना नाय."

ती चिठ्ठी वडिलांच्या हाती लागली. ते ओरडले नाहीत, हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चिठ्ठी माझ्या पुस्तकांवर ठेवलेली होती, लाल पेनाने तपासलेली. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला गोल, प्रत्येक मालवणी शब्दाखाली रेघ, समासात बरोबर रूप. खाली सही आणि तारीख.

मी त्या मुलाला उत्तर दिलं नाही. ती चिठ्ठी मी चुलीत घातली, पण चिठ्ठीची लाज वाटली म्हणून नव्हे, त्या लाल रेघांची लाज वाटली म्हणून. एखाद्याच्या मनातलं तपासून त्याला कमी मार्क देता येतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि आपल्या मनातलं कुणाला तपासायला मिळणार नाही याची काळजी मी पुढे वीस वर्षं घेतली. वडिलांवर माझा राग नाही असं मी बरेचदा म्हटलंय. ते खरं नाही. राग आहे. त्यांनी मला शिकवलं, त्यांच्यामुळे मी आज दुकान चालवते, मला ताप आला की ते रात्रभर बसून असायचे, हे सगळं खरं आहे आणि तरी राग आहे. आणि आजीचा निरोप लिहिताना माझ्या हातात तेच लाल पेन होतं.

फॉर्ममधले शब्द हा वेगळाच विषय. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले तेव्हा दुकानासमोर सकाळपासून बायकांची रांग असायची. पंधराशे रुपयांसाठी सगळ्या आल्या होत्या, पण रांगेत ज्या गजाली चालायच्या त्या तर मी कुठे ऐकल्या नव्हत्या. एकमेकींचे आधार कार्डावरचे फोटो बघून हसणं, कुणाचं माहेरचं नाव काय होतं ते आठवणं. कित्येक जणींना स्वतःचं माहेरचं पूर्ण नाव कुणी विचारून पंचवीस-तीस वर्षं झाली होती.

वैवाहिक स्थितीच्या रकान्यात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्त्या असे पर्याय होते. मासे विकणारी एक बाई, पन्नाशीची असेल, तिने मला विचारलं, परित्यक्त्या म्हणजे काय. मी सांगितलं, नवऱ्याने सोडलेली. ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या शब्दाकडे बोट दाखव म्हणाली, मी दाखवलं. मग म्हणाली, "मी खय गेलंय? मी हयच आसंय. घर माझा, पोरां मी वाढयलंय, सासूचा मी केलंय. सोडून तो गेलो. तेका काय म्हणतत? तेका नाव नाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मराठीत अजून कुणाकडे असेल तर मला ते ऐकायचं आहे. मी टिक केली, कारण टिक केल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. पण त्या रकान्यापुढे मला त्या दिवशी तिचं सगळं बोलणं लिहायचं होतं. तेवढी जागा नव्हती.

पैसे जमा झाल्यावर ती आली ती रिचार्ज मारायला. पहिला फोन तिने देवगडला दिलेल्या बहिणीला लावला, माझ्याच दुकानात बसून. अर्धा तास बोलली. भांडली पण. आवाज इतका चढला की समोरचा टपरीवाला बघायला आला. फोन ठेवल्यावर डोळे पुसत म्हणाली, "आता बरा वाटला."

माझ्या सासूबाई २०१९ च्या पावसाळ्यात गेल्या. त्यांच्या ट्रंकेत तळाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा निघाला. त्यात मनीऑर्डरच्या पावत्या होत्या. पावत्या म्हणजे, ज्यांनी मनीऑर्डर बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, फॉर्मच्या खाली एक पट्टी असायची, तिच्यावर पाठवणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. पैसे देताना पोस्टमन ती पट्टी फाडून हातात द्यायचा. पैसे खर्च व्हायचे, पट्टी राहायची. २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची मनीऑर्डर टपाल खात्याने थांबवली, आता सगळं संगणकावरून. त्याआधी २०१३ च्या जुलैत तार बंद झाली होती. तारेबद्दल मला फारसं वाटलं नाही. आमच्याकडे तार आली की आधी रडायला सुरुवात व्हायची, मग ती वाचली जायची.

आमचे मामा, म्हणजे सासरे, परळला गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला, वर्षभर वाट बघून ते गावी आले ते कायमचे. त्याआधीच्या दहाबारा वर्षांच्या त्या पट्ट्या. बेचाळीस होत्या, मी मोजल्या. मामांचं शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर टपोरं. "रुपये ४० पाठविले आहेत. पावले की कळव." "पावसाआधी नळे परतून घे, कोणाला तरी दिवसावर बोलव." "गाईला पेंड आण, उधार नको." सगळ्या अशाच. घरात काय संपलं, काय फुटलं, कोणाचं देणं आहे. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. पोस्टमन अंगणात उभा राहून मोठ्याने वाचायचा, मागीलदारची काकी ऐकायची, पडवीत बसलेला आजा ऐकायचा. नवऱ्याने लिहिलेलं बायकोला कळण्याआधी अख्ख्या घराला कळायचं.

आणि त्या बेचाळिसात एक अशी होती. तारीख पुसट झाली होती. "रुपये ३५ पाठविले आहेत. तू दिलेली सोलां संपली. ट्रंकेत वास अजून आहे."

लिहिताना "सोलां" असंच लिहिलेलं. बाकी सगळं शाळेतलं मराठी, आणि तो एक शब्द घरचा. आमसुलं नाही लिहिलं त्यांनी. ही पट्टी पोस्टमनने अंगणात मोठ्याने वाचली असेल तेव्हा सासूबाईंनी कुठे बघितलं असेल, मला राहून राहून वाटतं. त्या बाईंना मी बारा वर्षं बघितलं. मामांशी त्या बोलायच्या त्या चहा झाला, पाणी तापलं, एवढंच. मी मनात म्हणायचे, यांच्यात काही नाही. आणि ट्रंकेच्या तळाशी हे होतं, इतक्यांदा उघडलेलं की घडीवर कागद कापडासारखा मऊ झाला होता.

मी डबा मामांसमोर ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, एक पट्टी हातात घेतली, चष्मा न लावता बघितली, परत ठेवली. म्हणाले, "ह्या ठेवल्यान होती?" आणि उठून आंब्याच्या कलमांत गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. डबा आता त्यांच्या उशाशी असतो.

माझे मिस्टर बोटीवर असतात, मोटरमन, म्हणजे इंजिन रूममधलं काम. आठ-नऊ महिने बोट, तीन-चार महिने घर, असं आमचं लग्न २००७ पासून चाललंय. सुरुवातीला ते बंदराला लागले की फोन करायचे, पाच मिनिटं, तीही अर्धी "ऐकू येतंय का" मध्ये जायची. आता बोटीवर नेट आहे, रोज मेसेज होतो. आणि मला कबूल करायचंय की रोज मेसेज सुरू झाल्यावर आम्ही जास्त मुके झालो. "जेवलात?" "हो. तू?" "हो. मामांचं बीपी बरं." "ओके." वर चढवून बघितलं तर वर्षंच्या वर्षं तेच.

याचं एक कारण मला फार उशिरा कळलं. ते घरात मामांशी, भावाशी, मित्रांशी मालवणीत बोलतात आणि माझ्याशी प्रमाण मराठीत. लग्न ठरलं तेव्हा त्यांना सांगितलं होतं, मुलगी मास्तरांची आहे. पहिल्या दिवसापासून ते माझ्याशी जपून, तोलून बोलत आले. मीही. नवराबायको एकमेकांशी जिल्हा परिषदेच्या कार्यक्रमात बोलल्यासारखे बोलत होतो आणि ते दोघांनाही खटकत नव्हतं, कारण दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला हेच आवडतं.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. आदल्या दिवशी बॅटऱ्या चार्ज करून ठेवल्या होत्या, तांदूळ वर चढवले होते. मिस्टर बोटीवर, पार दुसऱ्या समुद्रात. सकाळी वारा सुरू झाला तो असा की बोललेलं ऐकू येईना. अंगणातला माड मध्येच मोडला आणि शेंडा आमच्या खोलीच्या कौलांवर पडला. मामा, मी आणि मुलगी देवाच्या खोलीत बसून होतो. संध्याकाळी वीज नाही, रेंज नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. रस्त्यात झाडं, तारा लोंबत. सड्यावर एका चिऱ्याच्या गडग्यावर उभं राहिलं की नेहमी एखादी दांडी मिळते, तिथेही काही नाही.

दुकानातली एक दोनशे पानी वही मी घरी आणली होती. रोज रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी त्यांना लिहायला लागले, नेट आलं की सांगायचं म्हणून. पहिल्या रात्री लिहिलं, "येथे सर्व सुखरूप." दुसऱ्या रात्री तेच लिहायला बसले आणि हात चालेना. मामा बाहेर पडवीत जागे होते, खोकत होते. पावसाचं पाणी मोडलेल्या कौलांतून खोलीत ठिबकत होतं, खाली ठेवलेल्या टोपात. त्या टोपाचा आवाज ऐकत मी लिहिलं: "माडाचो शेंडो आपल्या खोलयेर पडलो. मामा घाबारले नाय. चेडू घाबारला नाय. मी घाबारलंय."

आयुष्यात मी पहिल्यांदा मालवणीत काही लिहिलं ते हे. "घाबारलंय" कसं लिहायचं याचा विचार करायला मी थांबले नाही. मग सहा रात्री तसंच. कौलं किती गेली, कलमांखाली आंब्यांचा कसा सडा पडला होता, शेजारच्या काकीने तिच्या चुलीवर आमचा भात कसा शिजवला. आणि हेही, की रात्री मी त्यांच्या बाजूची उशी भिंतीला लावून ठेवते, ती भिजू नये म्हणून.

नेट आलं तेव्हा पानांचे फोटो काढून पाठवले. टाइप करून नाही. टाइप करायला बसले असते तर मी ते सुधारलं असतं, हे मला नक्की माहीत होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. "मी पण घाबारलंय. हय टीव्हीर नकाशो दाखवी होते, आपलो किनारो लाल. माका हात थरथरी होते, चार तास इंजिन रूमात मी कोणाक सांगूक नाय." आणि खाली वेगळ्या मेसेजमध्ये, "तुका मालवणी येता?"

चौदा वर्षांनी.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. घरखर्चावरून वाजतं, मुलीच्या अकरावीवरून वाजलं. पण मालवणीत वाजतं, आणि ते लवकर मिटतं. फोनच्या कीबोर्डला मात्र आमची बोली कळत नाही. "तुका" लिहिलं की पुढे "तुकाराम" सुचवतो, "माका" चं आपोआप "माझा" करून टाकतो, तिथेही एक लाल पेन बसलंय. मी सुचवण्याची सोय बंद करून ठेवली. दुकानात येणाऱ्या आजी-आजोबांच्या फोनमध्येही बंद करून देते, ते विचारतात कशाला, मी सांगते, आता तो मध्ये बोलणार नाही.

मागच्या फेब्रुवारीत एक मुलगा आला, वीस-बावीसचा, तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर काम करणारा. त्याला प्रिंट काढायची होती. मोबाइलमधल्या एआयकडून त्याने एका मुलीसाठी पत्र लिहून घेतलं होतं. "हे प्रिये, तुझ्या सहवासात माझ्या अस्तित्वाला नवा अर्थ प्राप्त झाला आहे." एक चूक नव्हती त्यात. माझ्या वडिलांनी पूर्ण मार्क दिले असते. मी प्रिंट काढून दिली. पैसे घेताना मला राहवलं नाही, विचारलं, ती कशी आहे रे? तर तो पोरगा बोलायला लागला. ती सकाळी साडेसहाच्या एसटीने कुडाळला कॉलेजला जाते. खिडकीत बसते. हा त्याच वेळी जेटीवर जायला निघतो, आणि एसटी पुढे गेली तरी तो गाडी मुद्दाम हळू चालवतो, कारण ती मागे वळून बघते की नाही ते लांबूनच कळतं. "एकदा बघल्यान," म्हणाला, "त्या दिशी माका भूकच लागली नाय."

मी त्याला म्हटलं, हेच लिही. त्याने मान खाली घातली. "ह्या कसा लिवचा? ह्या गावठी दिसता." त्या मुलाच्या तोंडून तो शब्द ऐकून मला माझ्या पुस्तकांवर ठेवलेली चिठ्ठी दिसली. आजच्या पोरांना रील करता येतात, कॅमेऱ्यासमोर नाचता येतं, भोगव्याच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचं शूटिंग करताना ती शंभर लोकांसमोर एकमेकांना उचलून घेतात, आणि मला ते बघून बरंच वाटतं, आमच्या पिढीला तेवढंही मिळालं नाही. पण "भूकच लागली नाय" एवढं चार शब्दांत सांगायची मात्र त्यांनाही लाज वाटते. मी त्याला पेन दिलं आणि आतल्या खोलीत निघून गेले. बाहेर आले तेव्हा तो पेन ठेवून गेला होता. प्रिंटच्या मागे काही लिहिलं की नाही, मला माहीत नाही. विचारलंही नाही.

२०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. मिस्टर बोटीवरच. दीर-जाऊ आले, त्यांची तिकिटं मीच काढली होती. गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधली, पूजा झाली, आरत्या झाल्या. आणि मग मामा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे मालवणी माणसाला सांगायला नको. बाकीच्यांना एवढंच सांगते की घरातला, गावातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी लहानपणी हे फक्त शेजारच्यांकडे ऐकलं. आमच्या घरात मंत्रपुष्पांजली व्हायची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ते ओरडणं वाटायचं. आता मला वाटतं, आपल्या माणसाबद्दल जे तोंडावर बोलता येत नाही ते सगळ्यांच्या देखत बोलायची ही एक जागा आमच्या लोकांनी राखून ठेवली आहे. बोलतो देवाशी, पण ऐकतं ज्याच्याबद्दल बोलतो ते माणूस, बाजूलाच उभं राहून.

मामा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आवाज थरथरतो. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं, त्यांना न सांगता, मिस्टरांना पाठवायला.

"बा देवा म्हाराजा," "व्हय म्हाराजा." "आज तुझ्या लेकरांनी जी काय मोडकीतोडकी सेवा केल्यानी, ती गोड मानून घे रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." शेतीवाडी झाली, गुरंढोरं झाली, मुंबईची पोरं झाली, नातीचं शिक्षण झालं. "माझो झील बोटीर आसा, दर्यात आसा, जसो गेलो तसो सुखरूप घराक हाड रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." दरवर्षी इथे ते थांबतात. त्या दिवशी थांबले नाहीत. हात जोडलेले तसेच ठेवून म्हणाले, "आणि ही माझी सून. दुकान सांभाळता, माझी औषधा सांभाळता, गावाचा लिवणा लिवता. तिच्या मनात काय आसा ता ती कोणाक सांगना नाय. ता तुका ठावक आसा. तेचा बरा कर रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मला म्हणता आलं नाही. मी फोन धरून उभी होते आणि रेकॉर्डिंगमध्ये शेवटी नुसता माझ्या बांगड्यांचा आवाज आहे.

रात्री ते पाठवलं. दोन दिवस एकच टिक. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मामांना जेवायला वाढत होते तेव्हा मिस्टरांचा आवाजाचा मेसेज आला. तेरा सेकंदांचा. सुरुवातीला इंजिनाची घरघर, कुणीतरी हिंदीत काहीतरी विचारतंय, एक दार बंद झाल्याचा आवाज, मग शांत. आणि मग त्यांचा आवाज, मोठ्याने, गाऱ्हाण्यात देतात तसा.

"व्हय म्हाराजा."

मामांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "परत लाव बगया."